माळावरचे मढे आणि त्यावरचे भुंगेरे



माळावर मेंढरू मरते. रस्त्याच्या कडेला खोकड गाडीखाली सापडते. उजनी धरणाचे पाणी उन्हाळ्यात ओसरले की काठच्या चिखलावर चिलापी सुकून पडते. महिना-दोन महिन्यांनी त्या जागी काय दिसते? थोडी हाडे, केसांचा किंवा खवल्यांचा झुपका, आणि खाली काळपट पडलेली माती. बाकीचे गेले कुठे? कुत्र्यांनी नेले, कावळ्यांनी नेले, किडे पडले आणि सडून गेले, असे उत्तर कुणीही देईल, आणि ते खोटेही नाही. पण त्या उत्तरात भुंगेरे येत नाहीत. मढ्याजवळ वाकून बघणारे कुणी नसते, म्हणून ते येत नाहीत. या व्याख्यानाचा विषय हे भुंगेरे आहेत.

भुंगेरा म्हणजे पुढचे दोन पंख कठीण होऊन ज्याच्या पाठीवर ढालीसारखे बसतात तो कीटक. आजवर वर्णन झालेल्या त्याच्या जाती चार लाखांच्या घरात आहेत. पृथ्वीवर इतक्या जाती असलेला प्राण्यांचा दुसरा गट नाही. त्यांतले बहुतेक पाला, लाकूड, धान्य, शेण किंवा इतर कीटक यांवर जगतात. मेलेल्या जनावरावर जगणारे त्या मानाने थोडे. पण त्या थोड्यांचे काम असे आहे की ते थांबले तर सहज लक्षात यावे.

कीटकशास्त्राच्या पुस्तकात ‘मढेखाऊ भुंगेरे’ म्हटले की पहिले नाव येते सिल्फिडी या कुळाचे. जगभर त्याच्या सुमारे दोनशे जाती आहेत. अलीकडे जनुकीय पुराव्यावरून हे कुळ स्टॅफिलिनिडी या फार मोठ्या कुळाच्या पोटात घालावे असे ठरत आले आहे. पण नाव बदलले म्हणून किडा बदलत नाही. यातील निक्रोफोरस हा वंश सर्वांत प्रसिद्ध. काळ्या पाठीवर नारिंगी पट्टे, शृंगिकेच्या टोकाला गदेसारखा फुगवटा. सडू लागलेल्या मांसातून गंधकयुक्त वायू सुटतात. ते त्या फुगवट्यावरच्या संवेदकांना दुरूनही कळतात, आणि रात्री उडत येऊन नर-मादी मेलेल्या उंदरापाशी उतरतात. पुढे ते काय करतात? त्या उंदराखालची माती उकरत उकरत अख्खे मढे जमिनीत उतरवतात. केस काढून टाकतात, देहाचा गोळा वळतात आणि त्यावर आपल्या तोंडचे व गुदद्वारातले स्राव माखतात. या स्रावांत जिवाणूंना रोखणारी द्रव्ये असतात, त्यामुळे मांस लवकर बिघडत नाही. मादी शेजारच्या मातीत अंडी घालते. अळ्या त्या गोळ्यापाशी पोचल्या की आई-बाप त्यांना अर्धवट पचलेले मांस तोंडाने भरवतात. मांसाच्या मानाने अळ्या जास्त झाल्या तर काहींना मारूनही टाकतात. कीटकांमध्ये आई आणि बाप दोघांनी मिळून पिल्ले सांभाळल्याची उदाहरणे फार थोडी. त्यांतले हे एक.

अठराव्या शतकात बर्लिनमध्ये ग्लेडिच नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने चार भुंगेरे मातीच्या एका छोट्या वाफ्यात कोंडून ठेवले आणि त्यांच्यासमोर एकामागून एक मढी टाकली. पन्नास दिवसांत त्या चौघांनी चार बेडूक, तीन पाखरे, दोन मासे, एक चिचुंद्रीसारखा प्राणी आणि दोन नाकतोडे पुरून टाकले. वर आतडी आणि बैलाच्या फुप्फुसाचे तुकडे वेगळेच.

मग हे पुरणारे भुंगेरे सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळ्याच्या माळावर का नाहीत? हा प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण त्याच्या उत्तरात या मुलखाचा स्वभाव दडलेला आहे. निक्रोफोरस हा थंड प्रदेशाचा रहिवासी. भारतात तो हिमालयात आणि ईशान्येच्या डोंगरांत सापडतो. सिल्फिडीतल्या न पुरणाऱ्या, चपट्या अंगाच्या काही जाती दक्षिणेकडेही आहेत, पण पुरणारे नाहीत. तैवानच्या डोंगरांवर निक्रोफोरस नेपालेन्सिस या जातीचा अभ्यास झाला. तो २०१४ साली प्रसिद्ध झाला. उंचावर, थंडीत, या भुंगेऱ्यांना मढे मिळवण्यासाठी मुख्यतः आपल्याच जातभाईंशी झगडावे लागते. खाली, उबेत, त्यांची गाठ माश्यांशी पडते. आणि तिथे एकट्या जोडीचा निभाव लागत नाही, बरेच भुंगेरे मिळून झपाट्याने मढे पुरतात तेव्हाच पिल्ले जगतात. म्हणजे हवा जितकी गरम तितकी माशी जोरात. तैवानच्या पायथ्याशी ही स्थिती असेल, तर चैत्र-वैशाखात चाळिशी ओलांडणाऱ्या सोलापूर जिल्ह्यात काय असेल? त्यात खाली मुरूम, त्याखाली खडक, आणि काळ्या रानात उन्हाळ्यात पडणाऱ्या भेगा. मढे पुरायला माती तरी कुठे आहे?

करमाळ्याच्या माळावर मढ्याची विल्हेवाट कोणत्या क्रमाने लागेल, हे ऊन आणि कोरडेपणा ठरवतात. इथले खरे मढेखाऊ भुंगेरे ओल्या मांसाचे धनी नाहीत. ते सुकलेल्या मांसाचे, कातड्याचे, केसांचे धनी आहेत. पुढचे सारे विवेचन या एका गोष्टीभोवती फिरते.

आता मढ्यावर कोण कधी येते, ते क्रमाने पाहू.

पहिल्या येतात माश्या. जनावराने प्राण सोडल्यावर काही मिनिटांतच निळ्या-हिरव्या चकचकीत माश्या डोळे, नाकपुड्या, तोंड आणि जखमा यांवर बसू लागतात. या क्रायसोमाया आणि ल्युसिलिया वंशातल्या. एकेक मादी शे-दोनशे अंडी एका झुबक्यात घालते. उकाड्यात ती बहुधा दिवसाच्या आत फुटतात. राखाडी पट्ट्यांच्या मांसमाश्या तर अंडीही घालत नाहीत, सरळ जिवंत अळ्याच सोडतात. या अळ्यांची गर्दी इतकी होते की त्यांच्या घोळक्यातले तापमान बाहेरच्या हवेपेक्षा बरेच चढते. हाताला कळावे इतके.

अळ्या किती काम करतात? अमेरिकेत साउथ कॅरोलिना इथे पेन नावाच्या संशोधकाने १९६५ मध्ये डुकरांच्या मेलेल्या पिल्लांवर प्रयोग प्रसिद्ध केला. काही पिल्ले कीटकांसाठी उघडी ठेवली, काही जाळीत झाकली. उघड्या पिल्लांचे नव्वद टक्के वजन सहा दिवसांत गेले. झाकलेल्यांचे वीस टक्के शंभर दिवसांनंतरही शिल्लक होते. त्या मढ्यांवर आणि भोवती मिळून ५२२ जातींचे प्राणी सापडले. सूक्ष्मजंतू दोन्हीकडे होतेच. फरक होता तो कीटकांचा.

माश्यांच्या मागोमाग पहिले भुंगेरे येतात, पण मांस खायला नव्हे. ते येतात अळ्या खायला. स्टॅफिलिनिडी कुळातला क्रिओफिलस हा त्यांतला मोठा. अंग लांबट, पंखांची ढाल इतकी आखूड की अर्ध्याहून अधिक पोट उघडे राहते, जबडे विळ्यासारखे. डिवचला तर शेपटीकडचे टोक वर उचलतो, त्यामुळे तो विंचू आहे असे वाटून माणसे मागे सरतात. त्याला नांगी नसते. दुसरे हिस्टेरिडी कुळातले सॅप्रायनस: काळे, गुळगुळीत, वाटोळे, कडक कवचाचे. मढे उलटवले की ते पाय पोटाशी घेऊन निपचित पडतात, आणि थोड्या वेळाने, धोका टळला असे वाटले की, पुन्हा चालू लागतात. दिवसा ते मढ्याखालच्या मातीत असतात, रात्री बाहेर येऊन अळ्या फाडून खातात. या दोघांमुळे माश्यांची वाढ आवरली जाते. एका मेंढरातून हजारो माश्या निघू शकतात. निघतात त्याहून कमी. हे कशामुळे, याचे उत्तर या भुंगेऱ्यांच्या जबड्यांत आहे. मुंग्याही अंडी आणि अळ्या पळवतात, आणि कोरड्या माळावर त्यांचा वाटा मोठा असतो. पण तो वेगळ्या व्याख्यानाचा विषय.

माश्यांचा काळ थोडा असतो. अळ्या पाच-सहा दिवसांत पोसतात आणि मढे सोडून मातीत कोष करायला निघून जातात. पावसाळ्यात, भाद्रपदाच्या दमट उन्हात, त्या जवळपास सगळे मांस संपवूनच जातात. उन्हाळ्यात मात्र वेगळे घडते. वैशाखाच्या झळांनी कातडे बाहेरून वाळते, ताठरते, आणि आतल्या फासळ्यांवर ताणून बसते. अळ्या आत काम करतात, पण त्यांना ओल लागते. ओल संपली की त्यांचे कामही संपते. मागे उरते काय? कडक कातडे, शिरा-स्नायूंचे वाळके दोर, सांध्यांवरच्या कूर्चा, केस, खुर. हे माशीच्या अळीला चाववत नाही. कुत्रेही दोन दिवस ओढून सोडून देते. मग हे कुणाचे?

हे डर्मेस्टिस भुंगेऱ्यांचे.

डर्मेस्टिडी हे त्यांचे कुळ. मढ्यावर सर्वाधिक दिसणारी जात डर्मेस्टिस मॅक्युलेटस. लांबी साडेपाच ते दहा मिलिमीटर, म्हणजे ज्वारीच्या दाण्याहून मोठी. पाठ काळपट तपकिरी, वर राखाडी लव. उलटा केला की पोट पांढरे, कडांना काळे ठिपके. भिंगाखाली पाहिले तर ढालीच्या मागच्या कडेला बारीक करवती दाते दिसतात आणि प्रत्येक ढालीच्या टोकाला एक चिमुकला काटा. याच खुणेने ही जात शेजारच्या जातींपासून ओळखता येते. अळी पाहण्यासारखी असते: अंगभर लांब तपकिरी केस, पाठीवरून फिकट पट्टा, आणि शेपटीजवळ मागे दोन आकडे. ती उजेड टाळते. सुकलेल्या मेंढराचे पोट काठीने उचलले की या केसाळ अळ्या शेकड्यांनी फासळ्यांमागच्या अंधारात पळताना दिसतात. उकडत्या दुपारी, सगळीकडे सामसूम असताना, जवळ कान नेला तर खाण्याचा बारीक चरचर आवाजही येतो.

मादी आयुष्यात शेकडो अंडी घालते. तिला पाणी प्यायला मिळाले तर जास्त घालते. अळी वाढताना पुन्हापुन्हा कात टाकते. पाच वेळा, कधी त्याहून बरीच जास्त. अन्न किंवा ओल कमी असेल तर काती वाढतात आणि वाढ लांबते. तीस अंशांच्या आसपास तापमान असेल तर अंड्यापासून भुंगेरा व्हायला साधारण पाच ते सात आठवडे लागतात. कोष करायची वेळ आली की मात्र अळी वेगळी वागते. ती खाणे सोडते आणि कशात तरी भोक पाडून आत शिरते: मातीत, लाकडात, दोरखंडात, जे जवळ सापडेल त्यात. का? कारण कोष हलू शकत नाही, आणि बाहेर राहिलेला कोष तिची भावंडेच खाऊन टाकतात.

कातडे, केस, लोकर, पिसे यांत केराटिन हे प्रथिन असते. त्याचे धागे एकमेकांना गंधकाच्या बंधांनी बांधलेले असतात, म्हणून ते बहुतेक प्राण्यांना पचतच नाही. डर्मेस्टिसच्या अळीला ते काही प्रमाणात पचते. पण ती केवळ केसांवर नीट वाढत नाही. तिला जोडीला वाळके मांस लागते. हा बारकावा ध्यानात ठेवण्याजोगा आहे. जग चालवणारी कामे ही अशी वाटून घेतलेली असतात. एकच प्राणी सगळे करत नाही.

डर्मेस्टिसबरोबर नेक्रोबिया रुफिपेस येतो. चार ते सात मिलिमीटरचा, निळा-हिरवा धातूसारखा चमकणारा, लालसर पायांचा. मढ्यावर इतका देखणा किडा बघून नवल वाटते. तो वाळके मांस खातो, माश्यांच्या आणि डर्मेस्टिसच्या अळ्याही खातो. घरात तो सुक्या खोबऱ्यात आणि सुकटीत सापडतो. त्याची कीर्ती जुनी आहे. १८३४ मध्ये इंग्लंडच्या होप या कीटकतज्ज्ञाने इजिप्तच्या ममींमधून मिळालेल्या कीटकांची नोंद केली, तेव्हा त्यात डर्मेस्टिसबरोबर हा भुंगेराही होता. जे देह कायमचे टिकवायचे म्हणून एवढा खर्च केला गेला, त्यांतही तो शिरला होता.

याच नेक्रोबियाच्या एका भाऊबंदाने माणसाचा जीव वाचवल्याची गोष्ट कीटकशास्त्राच्या इतिहासात सांगितली जाते. पिएर लात्रेय हे फ्रेंच पाद्री आणि कीटकतज्ज्ञ. फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत ते बोर्दो इथे तुरुंगात पडले. कोठडीच्या फरशीवर त्यांना एक भुंगेरा दिसला, नेक्रोबिया रुफिकोलिस. त्यांनी तो तपासायला आलेल्या डॉक्टरला दाखवला आणि हा दुर्मिळ आहे असे सांगितले. डॉक्टरने तो कीटकांचा शौक असलेल्या एका तरुणाकडे पोचवला, त्याने लात्रेय यांचे नाव ओळखले आणि खटपट करून त्यांची सुटका करवली. पुढे लात्रेय कीटकांच्या वर्गीकरणाचे एक आधारस्तंभ ठरले. पॅरिसमधल्या त्यांच्या समाधीवर त्या भुंगेऱ्याचा उल्लेख कोरलेला आहे.

सगळ्यांच्या शेवटी येतो ट्रॉगिडी कुळातला ओमॉर्गस. डर्मेस्टिसनेही सोडलेले केस, पिसे, कातड्याचे कोरडे पापुद्रे हे त्याचे अन्न. पाठ खडबडीत, चामखिळींनी भरलेली, आणि त्यावर माती अशी चिकटलेली की तो किडा आहे हेच कळत नाही. हात लागला की पाय आत घेतो आणि ढेकूळ होतो. पुष्कळ मढी पाहणाऱ्यालाही तो एकदा दिसून दहादा निसटतो. तो आला म्हणजे त्या मढ्यावर खाण्यासारखे जवळजवळ काही उरले नाही, असे समजावे. घुबडांच्या आणि शिकारी पक्ष्यांच्या घरट्यांतल्या पिसा-केसांच्या थरातही या कुळाचे भुंगेरे राहतात.

मढे जिथे पडते तिथली जमीन बदलते. आधी वाहिलेला द्रव आणि अमोनिया यांनी खालचे गवत जळते, म्हणून तो काळपट डाग. पाऊस पडून गेला की त्याच डागाच्या कडेने नत्र आणि स्फुरद यांच्या जोरावर गवत भोवतालच्यापेक्षा गर्द उगवते. भुंगेऱ्यांनी मढ्यातले पोषण विष्ठेतून, कातींतून आणि आपल्या शरीरांतून आजूबाजूला पसरवलेले असते. ते पुढे खाणारेही आहेत: हुप्पो, नीलपंख, टिटवी, सरडे, आणि एकेकाळी माळढोक. माळढोकाच्या आहारात भुंगेऱ्यांचा वाटा मोठा असतो. करमाळा तालुक्याचा काही भाग १९७९ मध्ये जाहीर झालेल्या माळढोक अभयारण्यात होता. तेव्हाचे क्षेत्र साडेआठ हजार चौरस किलोमीटरच्या आसपास. नंतर ते कमी होत बाराशेच्या आसपास आले. आज या माळांवर लांडगा, खोकड, काळवीट आणि धनगरांची मेंढरे एकाच गवतावर आहेत. लांडग्याने मेंढरू मारले की तिथून पुढे हे सगळे चक्र सुरू होते. माळाला पडीक जमीन म्हणणे ही मोठी चूक आहे. ज्या जमिनीवर इतके जीव आपापल्या पाळीने काम करतात ती पडीक कशी?

मढ्यावर भुंगेऱ्यांच्याही आधी गिधाडे येत, म्हणून आता त्यांच्याकडे. गिधाडांचा थवा बैलाचे मढे तासाभराच्या आत हाडांपर्यंत नेत असे. पांढऱ्या पाठीच्या आणि लांब चोचीच्या गिधाडांची संख्या १९९०च्या दशकात कोसळली. पांढऱ्या पाठीच्या जातीची घट ९९ टक्क्यांहून अधिक. कारण २००४ मध्ये उघड झाले: जनावरांना दुखण्यासाठी टोचले जाणारे डायक्लोफिनॅक. ते औषध असलेले मढे खाल्ले की गिधाडाची मूत्रपिंडे निकामी होतात. भारताने २००६ मध्ये त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आणली. मेलोक्सिकॅम हे सुरक्षित औषध उपलब्ध आहे. गिधाडे मात्र अजून सावरलेली नाहीत.

मग भुंगेरे गिधाडांची जागा घेतील का? नाही. हे स्पष्ट सांगायला हवे, कारण निसर्ग आपले आपण भागवून घेतो अशी एक भाबडी समजूत असते. गिधाड तासात जे करते त्याला कीटकांना पावसाळ्यात आठवडा-दोन आठवडे आणि उन्हाळ्यात महिने लागतात. त्या काळात कुत्रे येते, मढे फाडते, तुकडे गावाकडे ओढते. भटक्या कुत्र्यांची संख्या वाढते आणि त्यांच्याबरोबर पिसाळण्याचा धोकाही. भुंगेरा गिधाडाच्या मागे उरलेले साफ करणारा आहे. पुढचा गडी गेला की मागच्यावर पडणारे ओझे त्याच्या ताकदीबाहेरचे असते.

आणखी एक गोष्ट, जी या विषयात टाळून चालत नाही. मेलेली ढोरे ओढण्याचे, ती फोडण्याचे काम महाराष्ट्राच्या गावगाड्याने शतकानुशतके काही माणसांवर जन्माच्या आधारावर लादले. त्यांना त्याचा मोबदला म्हणून मिळाली ती मेलेल्या जनावराच्या मांसाची हीन वाटणी आणि अस्पृश्यता. १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मेलेल्या जनावराचे मांस खाणे सोडा असे आवाहन केले, आणि ढोरे ओढण्याचे काम नाकारण्याची चळवळ पुढे गावोगाव पसरली. अनेक गावांनी त्याबद्दल बहिष्कार टाकले, मारहाण केली. हे काम ज्यांत अडकलेले होते ती कनिष्ठ गावकामगारांची वतने १९५८च्या कायद्याने रद्द झाली. ‘पूर्वी सगळे कसे सुरळीत होते’ असे मढ्यांच्या विल्हेवाटीबद्दल कुणी म्हणत असेल, तर त्या सुरळीतपणाची किंमत कुणी मोजली हे त्याने आधी सांगावे. मढ्याची व्यवस्था ही ग्रामपंचायतीची आणि पशुधनाच्या मालकाची जबाबदारी आहे. ती कोणत्याही जातीची नाही.

आज ती व्यवस्था कशी होते? २०२२ मध्ये लम्पीची साथ आली तेव्हा मेलेली जनावरे खोल खड्डा काढून, चुना टाकून पुरावीत अशा सूचना होत्या, आणि साथीत तेच योग्य आहे. खोल पुरलेल्या मढ्यापर्यंत क्रायसोमाया पोचत नाही, डर्मेस्टिसही नाही. तिथे विघटन जिवाणूंच्या आणि मातीतल्या मोजक्या चिमुकल्या माश्यांच्या भरवशावर, फार हळू चालते. मात्र साथीने न मेलेले, औषधे न टोचलेले प्रत्येक मेंढरू असे पुरायची गरज नाही. वस्तीपासून, विहिरीपासून आणि ओढ्यापासून दूर, उघड्या माळावर त्याची कीटक आणि पक्षी मिळून व्यवस्था करतात. औषधांचा मुद्दा इथे पुन्हा येतो. जंतांसाठी देतात ते आयव्हरमेक्टिन शेणातून बाहेर पडते आणि शेणातल्या भुंगेऱ्यांच्या अळ्यांना मारते, हे सिद्ध झाले आहे. शेणाचे भुंगेरे हे मढ्याच्या भुंगेऱ्यांचे शेजारी. त्यांतल्या कित्येक जाती मढ्यावरही येतात.

हेच भुंगेरे घरात आले की मात्र नुकसान करतात, तेही सांगायला हवे. डर्मेस्टिस सुक्या मासळीचा, कच्च्या कातड्यांचा आणि रेशीम कोषांचा शत्रू आहे. उजनीकाठी मासळी सुकवताना मीठ कमी पडले किंवा ती अर्धवट वाळली की त्याचे फावते. भरपूर मीठ आणि कडक वाळवण हा जुना उपाय आजही खरा आहे, फक्त डर्मेस्टिस फ्रिशाय ही जात मीठही बऱ्यापैकी सोसते. घोंगड्यांना भोके पाडणाऱ्यांत याच कुळातले अँथ्रेनस भुंगेरे असतात. आणि धान्याच्या कोठारातला खपरा? तोही डर्मेस्टिडीच. त्याची केसाळ अळी आणि मढ्यावरची केसाळ अळी शेजारी ठेवली तर नाते लगेच कळते. एका फांदीने मांस धरले, दुसरीने लोकर, तिसरीने दाणा. सुके, कठीण, प्रथिनांनी भरलेले अन्न ही तिन्हींची समान आवड. हे नाते ध्यानात आले की शाळूचे पोते उन्हात का तापवायचे आणि कणगीच्या भेगा का लिंपायच्या हेही नीट कळते, कारण खपऱ्याची अळी भेगेत शिरून अन्नाविना महिनोन् महिने, कधी वर्षांवर, तग धरते.

संग्रहालयांनी तर डर्मेस्टिसला कामालाच लावले आहे. वटवाघळाची किंवा चिमणीची कवटी सुरीने साफ करू गेले तर मोडते. उकळले तर सांधे सुटतात. पण वाळवलेले शव डर्मेस्टिसच्या पेटीत ठेवले की काही दिवसांत अळ्या प्रत्येक फटीतले मांस काढतात आणि हाड जसेच्या तसे राहते. जगभरच्या निसर्ग-इतिहास संग्रहालयांत अशा वसाहती पाळल्या जातात. पेटी काटेकोर बंद ठेवावी लागते, नाहीतर शेजारच्या कपाटातल्या पेंढा भरलेल्या पक्ष्यांवर तेच भुंगेरे तुटून पडतात.

शेवटचा उपयोग न्यायाचा आहे. माणसाचा मृतदेह उशिरा सापडला तर मृत्यू कधी झाला हे ठरवण्यासाठी त्यावरचे कीटक पाहतात. फ्रान्सच्या मेन्यां यांनी १८९४ मध्ये प्रेतावर येणाऱ्या कीटकांच्या आठ लाटांचे पुस्तक लिहिले, तिथून या शास्त्राला पद्धत आली. पहिल्या दिवसांसाठी माश्यांच्या अळ्यांचे वय मोजतात. आठवडे आणि महिने लोटले की साक्ष डर्मेस्टिसची. पण इथे एक मोठी अडचण आहे. मेन्यांच्या लाटा फ्रान्सच्या हवेतल्या आहेत, पेनचे दिवस साउथ कॅरोलिनाच्या दमट उन्हाळ्यातले. वैशाखात करमाळ्याच्या माळावर देह लवकर सुकतो, त्यामुळे डर्मेस्टिस पुस्तकातल्या मानाने आधी हजर होऊ शकतो, आणि पुस्तकावर विसंबणारा मृत्यूचा काळ मागे ढकलू शकतो. भाद्रपदात नेमके उलट. म्हणून प्रत्येक मुलखाची आपली नोंद हवी: कोणत्या महिन्यात, किती तापमानात, उन्हात की झाडाखाली, कोणती जात कितव्या दिवशी आली आणि किती दिवस राहिली. मेलेल्या मेंढरावर बारा महिने अशी नोंद ठेवायला महागडी यंत्रे लागत नाहीत. एक तापमापी, एक भिंग, स्पिरिटच्या कुप्या आणि रोज जाणारा माणूस एवढे पुरते. तालुक्यातल्या महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागाला हे सहज जमण्यासारखे आहे.

नोंद ठेवणाऱ्याने भुंगेऱ्यांबरोबर त्यांच्या मागे राहिलेल्या गोष्टीही गोळा कराव्यात. अळ्यांच्या काती आणि माश्यांचे रिकामे कोष वर्षानुवर्षे टिकतात. डर्मेस्टिसची विष्ठा बारीक, कोरड्या दोऱ्यांसारखी असते आणि हाडांच्या सांध्यांत साठते. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका प्रकरणात वाळून गेलेल्या मृतदेहातून रक्त, यकृत काहीच मिळण्यासारखे नव्हते. तेव्हा त्यावरच्या डर्मेस्टिसच्या काती आणि माश्यांचे कोष तपासले, आणि त्यांत त्या व्यक्तीने घेतलेल्या ॲमिट्रिप्टिलिन या औषधाचा अंश मिळाला.